नक्कल नोंद

मे महिना. मंगळवारी झोनचं ऑफिस.
कूलरला पाणी कमी, आवाज जास्त.
खिडकी क्रमांक तीनवर मी,
बावीस वर्षं लोकांची नावं लिहिते,
एकाही बारशाला न जाता.

इथे माणूस आधी तारीख असतो,
मग वजन, मग आईबाप,
आणि नाव सगळ्यात शेवटी,
आत्याशी भांडून, कोऱ्या राहिलेल्या रकान्यात.

समीर लिहिला की मनात येतं, कुठला?
महालातले कान्हेरे म्हणाले होते, वारा.
मोमिनपुऱ्याचे हाफिजभाई म्हणाले,
रात्री जागून गोष्टी सांगणारा सोबती.
मला दोन्ही पटतं.
गच्चीवर खाटा टाकल्या
की दोघं बरोबरच येतात.

अमल लिहिताना हात जपते.
संस्कृतात निर्मळ, अरबीत आशा,
आणि डोक्यावर चुकून टिंब पडलं
की अंमल. लेकराच्या दाखल्याला
पहिल्याच दिवशी वास यायचा.

मी कमल. शेजारच्या टेबलावर कमाल बेग.
एका कान्याचं अंतर.
दोनदा पगाराच्या स्लिपा बदलल्या:
त्याची परिपूर्णता माझ्या खात्यात,
माझं चिखलातलं फूल त्याच्या.
कॅशियर म्हणाला, तुमीच घ्या वाटून.

तर आज.
सकाळी एस्तेर शिरसाट, मोहननगरची.
मुलगी, मेयोत जन्मलेली, दोन किलो सहाशे.
नाव? नाओमी.
अर्थ मी विचारत नाही, फॉर्मात रकाना नाही त्याचा.
तिनंच सांगितला: फार जुन्या इब्री भाषेत, गोडवा.
मग कडूला काय म्हणतात? सहज विचारलं.
मारा, म्हणाली.
मराठी कानांनी तो शब्द ऐकून
दोघीही जरा गप्प झालो.
प्रिंटर बंद होता. बसा म्हटलं बाकावर.

जेवणाच्या सुट्टीआधी धम्मशीला गोंडाणे, इंदोऱ्याची.
तेच मेयो, तीच तारीख. मुलगी.
नाव? नाओमी.
मी चष्मा काढला.
"जपानी बाई आल्या होत्या ना जी आमच्याकडे,
दीक्षाभूमी पाहाले. तीन दिवसांसाठी.
टायफॉइड झाला न् तीन महिने राहिल्या.
सासूनं पेज पाजली.
जाताना पिठाच्या डब्यावर त्यांनी
आपलं नाव लिहून ठेवलं, दोन अक्षरं:
एक म्हणे सरळ, एक सुंदर.
घासूनबी जात नाही."
हिला मी कडूचं विचारलं नाही.
मार कोण, ते तिच्या घरी लहान पोरालाही ठाऊक:
झाडाखाली बसलेल्या एकापुढे हरलेला.

एन्टर दाबलं.
संगणक अडला. लाल चौकट:
समान नोंद आढळली. नक्कल आहे का?

त्याचं तरी काय चुकलं.
त्याच्यापाशी फक्त आवाज आहे.
एक नाव वाळवंटातून निघून
आज्या-पणज्यांच्या प्रार्थनांतून चालत आलं,
एक आलं समुद्रावरून, आजारी पडत,
आणि दोघं भेटली कुठे, तर
माझ्या कळकट की-बोर्डावर,
जिथे 'न' बोटांनी झिजून दिसेनासा झालाय.

मी नुसती बघत राहिले.
प्रिंटर आपोआप सुरू झाला,
नागपूरच्या लाइटीसारखा, लहर आली म्हणून.
शिपाई दारातून ओरडला,
"मॅडम, लोक खोळंबले. हाक मारा ना!"

मारा.
अरे, आपल्याकडे हेही असतं की त्याचं.

मी हाक मारली, "नाओमी!"
बाकावरच्या दोन आया एकदम उठल्या,
पोरी सावरत, एकमेकींकडे बघत,
रांगेत कोणी मध्ये घुसल्यावर बघतात तसं.
"तुमची पण?"
"हो ना जी. तुमची कुठली?"

खिडकीशी यायचं विसरून
परत बसल्या दोघी, एकाच बाकावर.
एकीनं डब्याचं सांगायला घेतलं.
मी 'नाही' दाबलं.
कमालनं चहा पुढे सरकवला. त्यात
नेहमीसारखी माझ्या वाटची साखर नव्हती,
कप त्याचा होता.