पट्ट्याच्या आतल्या बाजूला

दारावरची पाटी वाचलीस ना, जेरिल:
कार्ड दाखवा, पिशव्या बाहेर ठेवा,
जाताना एक फळ किंवा एक कोन, दोन्ही नाही.
ती पाटी दारावरच्या बाईची. माझी हद्द
भिंतीतल्या या फटीपासून,
जिथून उष्ट्या ताटांचा पट्टा आत सरकतो.

बावीस वर्षं मी इथल्या पोरांना
फक्त मनगटापर्यंत ओळखते.
शाईची बोटं, हॉकीत मोडलेली बोटं,
एकीच्या बोटात ऑक्टोबरात अंगठी आली,
फेब्रुवारीत गेली.
चेहरे वर असतात, पायऱ्यांवर, बर्फात.

चमचे डाव्या टबात. पेले उपडे.
कपात कोंबलेला रुमाल सापडला तर शिव्या मनात दे,
मोठ्याने दिल्यास की बाहेर बोळात ऐकू जातात.
कुणीतरी केचपने ताटावर हसरा चेहरा काढून पाठवतं,
तो शेवटी धुवायचा.
का ते विचारू नकोस.
रविवारी वॅफल येतील, एक घास खाल्लेले,
यंत्रात पीठ ओतायची हौस भागली की भूक संपते त्यांची.
आपण बोलायचं नाही.
पैसे आईबापांनी सप्टेंबरातच भरलेत,
टाकलेलंही त्यांनीच विकत घेतलंय.

आणि हा मोठा नियम, ब्रेंटने लॅमिनेट करून लावलेला:
पट्ट्यावर आलं ते कचरा.
कुणी उचलायचं नाही, आतून नाही, बाहेरून नाही.
बरोबरच आहे. रोगराई काही सांगून येत नाही.
मीही तो पाळत होते.

मग एका नोव्हेंबरात, सरोवराच्या कडेला
बर्फाची पहिली साय धरली तेव्हा,
एक हात आला, ताट न घेता.
हिरवी बाही, उसवलेली.
पिझ्झाचा तुकडा, कुणी न शिवलेला,
त्याने इतक्या हळू उचलला
की शेजारचा पेलासुद्धा वाजला नाही.

फट बोळात उघडते, दाराच्या अलीकडे.
तिथे उभं राहायला कार्ड लागत नाही.
आठवड्याची दहा जेवणं घेणाऱ्यांची
गुरुवारीच संपतात,
सोमवारी पहाटे कार्ड पुन्हा भरतं,
मधले दिवस माहितीपत्रकात नाहीत.

मी लाल बटण दाबलं.
पट्टा थांबला. "अडकला," म्हटलं.
दुसऱ्या दिवशी सव्वासातला पुन्हा अडकला.
तिसऱ्या दिवशीही, सव्वासातलाच.
ब्रेंटने तक्रार लिहिली, मार्केटहून मेकॅनिक आला,
पट्ट्याचं पोट उघडून बघितलं, दोन कप कॉफी प्यायला,
एकशे ऐंशी डॉलर लावून लिहून गेला:
दोष सापडला नाही.

त्यानंतर मी वेगळं करायला लागले.
बंद व्हायच्या आधी काउंटरवर उरतं ते,
कोंबडी, बटाटे, मटार असले तर मटार,
धुतलेल्या ताटात, वर झाकण,
थांबलेल्या पट्ट्याच्या बाहेरच्या टोकाला ठेवायचं.
पट्ट्यावर आलं म्हणजे कचराच की.
नियम कुठे मोडला?

त्याने कधी वाकून आत बघितलं नाही.
मीही नाही.
फक्त त्याचं ताट परत यायचं तेव्हा
हाडं एका कडेला गोळा केलेली असायची,
चमचा वेगळा, पेला उपडा.
बावीस वर्षांत तसं एकच ताट.

एप्रिलात हात यायचा थांबला.
पास झाला, घरी गेला, की नुसता कोट बदलला,
मला कसं कळणार? बाहीच तेवढी ठाऊक.
ब्रेंटला काही कळलंय का, तेही माहीत नाही.
मेकॅनिकला मात्र त्याने परत बोलावलं नाही.

घड्याळ बघ. सव्वासात.
ते लाल बटण.
जरा जोरात दाब, जेरिल,
ते आताशा खरंच अडकतं.