हजाराचा भाव

पाच तारखेच्या आत भरायचे असतात.
सहाला मॅनेजरबाईंचा फोन येत नाही,
मेसेज येतो, हात जोडलेल्या चित्रासकट.

अठरा हजार पाचशे.
रात्री उठून दार वाजवते म्हणून
मार्चपासून आणखी बाराशे.
डायपर आपले आपण आणायचे.

मी अशोक चौकात शाळेचे शर्ट शिवते,
कॉलरला सव्वादोन रुपये.
दोनशे ब्याण्णव कॉलरी म्हणजे आईचा एक दिवस.
चांगला दिवस असला, लाइट गेली नाही,
तर तेवढ्याच होतात माझ्या.
म्हणजे आई माझ्यावर
आणि घर नवऱ्याच्या रिक्षावर.
रिक्षा बंद पडली की आम्ही कशावर
याचा हिशोब मी मशीन थांबवून करत नाही.

अंबादास भिवंडीहून म्हणतो, पाठवतो.
दिवाळीत दहा हजार पाठवले
आणि संक्रांतीपर्यंत, गड्ड्याची जत्रा उठेपर्यंत
त्या दहा हजारांबद्दलच बोलला.

गल्लीतल्या बायका म्हणतात,
पोटची पोर गावात असून बालामणीला बाहेर ठेवली.
ह्याच बायकांनी दोनदा गॅस बंद केला होता तिचा.
तिसऱ्यांदा पहाटे चारला सूप घेऊन निघाली,
बंद पडलेल्या विडी ब्रँचच्या पायरीवर सापडली,
सगळ्यात पहिला नंबर लावून.

डिपॉझिट मात्र तिच्याच फंडातून गेलं.
बँकेत अंगठा टेकवला,
मशीनला रेषाच मिळेनात.
चाळीस वर्षं पान वळून वळून
बोटं गुळगुळीत झालेली.
उजवा, डावा, पुन्हा उजवा.
मशीन म्हणालं, ही बाई सापडत नाही.
मागे रांगेतला एक माणूस हसला.
मीही हसले, मग बाहेर येऊन
रसवंतीपाशी बराच वेळ नुसती उभी राहिले.

होटगी रोडला, बंगल्याच्या मागच्या खोलीत
खिडकीकडचा पलंग तिचा.
मांडीवर जेवणाचं ताट पालथं,
त्यावर ती दिवसभर काहीच नसलेलं वळत असते.
कापते, भरते, वळते, तोंड दुमडते, दोरा.
पंचवीस झाल्या की बाजूला सरकवते.
मी मोजून पाहिलंय. पंचवीसच.

मराठी गेली तिची आधी.
आता तेलुगूच, तीही तुटक.
"आकू," म्हणते, पान द्या.
महानंदा अक्कलकोटकडची, कानडी बोलणारी,
तिला वाटतं अक्का म्हणून हाक मारतेय.
ती धावत येते, पलंगावर बसते,
आईच्या केसांतून हात फिरवते.
मी तिला अर्थ सांगितलेला नाही.

काल पैसे भरायला गेले.
नोटा मोजताना आईनं दारातून पाहिलं
आणि येऊन समोर उभी राहिली, पदर खोचून.
मी चेकर होते तिच्या लेखी.
"छाट किती काढली?"
काही नाही, म्हटलं, सगळा माल चांगला.
तिचा विश्वास बसला नाही. चेकर असं बोलत नसतो.
"हजाराचा भाव द्या मग."

पर्समधून अकरा रुपये काढून तळहातावर ठेवले.
माझ्या लहानपणी तेवढाच होता, मला पाठ आहे,
तिच्या अकरातून माझी वही यायची.

तिनं मोजले. पुन्हा मोजले.
माझं नाव तिला दीड वर्षं आठवत नाही,
अंबादासचं तर त्याआधीपासून.
पण मान ताठ करून म्हणाली,
"बारा. संप मिटल्यापासून बारा झालेत.
अडाणी समजू नका."

मॅनेजरबाईंनी शिक्का मारून कागद पुढे केला.
दोन्ही हात पर्समध्ये होते माझे.
एकोणीस हजार सातशेची पावती दातांत धरून
मी एक रुपया शोधत राहिले.