मोशीहून अर्धा किलो

सहलीच्या कागदावर सातव्या दिवसापुढे लिहिलं होतं:
'कॉफीचा मळा, अर्धा दिवस, ऐच्छिक.'
सिंह बघून झाले होते. हत्ती तर इतके
की डोंबिवलीचे टिल्लूकाका आता मानही वर करेनात.
बाकीचे हॉटेलात पत्ते कुटत बसले,
आम्ही चौघी निघालो.
किलिमांजारो ढगात. शेवटपर्यंत दिसला नाही.
फोटोत मी जिकडे बोट दाखवतेय
तिकडे नुसतं पांढरं आहे.

बाईचं नाव ऐकाएली.
साठीच्या आगेमागे, माझ्याएवढीच,
पायात पुरुषी गमबूट.
ड्रायव्हरला ती काहीतरी म्हणाली, त्यात एक शब्द होता
आणि मी वळूनच पाहिलं:
गारी.

गारी नाही, गाडी. घोरा नाही, घोडा.
गावच्या शाळेत मास्तर पट्टीनं शिकवायचे.
पुढे तीस वर्षं पाणीबिलाच्या खिडकीत बसले
तो ड सांभाळत.
आणि इथे, विषुववृत्ताच्या जरा खाली,
केळीच्या सावलीत गारी उभी,
कुणी हटकत नाही.

केळीखाली कॉफी, कॉफीखाली अळूसारखं काहीतरी,
मधून पाटाचं पाणी, चार घरांत वाटलेलं.
फळ लाल, करवंदाएवढं, चावलं तर गोड नि बुळबुळीत,
आत दोन बिया
पोटाला पोट लावून झोपलेल्या.

नातवाकरवी तिनं विचारलं, तुमच्याकडे काय पिकतं?
'नवी मुंबईत? सेक्टर पिकतात,' कुंदा म्हणाली.
पोरानं आजीला काय सांगितलं कोण जाणे.
तिनं समजुतीनं मान हलवली,
तेही एखादं धान्य असावं तशी.

मी सांगितलं नाही
की दाराव्याच्या खाली, खाडीकडे, आमचा बांध होता,
आत खाऱ्या पाण्याला न भिणारा लाल भात.
अकरा वर्षांची होते तेव्हा नोटीस आली.
खूप वर्षांनी साडेबारा टक्के, त्यावर इमारत,
तिच्या चौथ्या मजल्यावर मी राहते.
वाईट राहते असं नाही. लिफ्ट आहे.
वरच्या फ्लॅटचं भाडं येतं,
त्याच पैशांत तर सिंह पाहिले.

उखळात कांडून झालं. टरफलं सुटली.
ऐकाएलीनं वेताचं गोल सूप पुढे केलं.
कुंदानं पाखडलं, अर्ध्या बिया मातीत.
मग माझ्या हातात आलं.
पन्नास वर्षं मी तांदूळ
पिशवीतून डब्यात ओतत आलेय.
पण मनगट विचारायला थांबलं नाही.
दोन झटके वर, एक आपल्याकडे, जराशी फुंकर,
फोल उडालं, बिया काठाशी येऊन थांबल्या,
आणि आई बोलली, पाठीमागून नव्हे,
कोपरातून:
'हात हालव, आंग नको.'

ऐकाएलीनं माझ्याकडे पाहिलं. नातवाला काही विचारलं नाही.
सूप रिकामं केलं
आणि दुसरी खेप माझ्यापुढे ओतली.
पाहुणी होते ते तिथं संपलं.
जेवणाच्या वेळेपर्यंत मी पाखडत होते.

आता नेरुळात, कढईत,
त्यातल्याच दोन मुठी.
हिरवट, पिवळट, मग एकदम तडतड, आणि धूर एवढा
की समोरच्या रंगनायकी मामी दार वाजवतात.
एक बी दाताखाली फोडतात.
'दोन मिनिटं कमी पडली,' म्हणतात,
आणि जात नाहीत.

बियांवर अजून चंदेरी पापुद्रा.
सूप घरात नाही. परात घेऊन बाल्कनीत येते.
खाली पार्किंग. पार्किंगखाली जे काय असेल ते.
दोन झटके वर, एक आपल्याकडे.
फोल तरंगत तरंगत जातं
आणि कुणाच्या तरी पांढऱ्या टपावर बसतं.
रखवालदार मान वर करून ओरडतो,
'मॅडम, गाडीवर कचरा पडतोय!'

'परूं दे गारीवर,' मी वरून सांगते,
'उरून जाईल.'