तिसऱ्यांदा

कोपरखैरण्यात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
आम्ही आठ जण शनिवारी मराठी कळफलक घडवतो.
फुकट. कुणीही न्यावा, उघडून बघावा,
आपल्या हातानं बदलावा असा.
खालच्या पट्ट्याची थरथर टेबलात चढते,
पडद्यावर बाजरीचं पीठ बसतं.

केतकी मढवीनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा
नेमका चहा आला होता.
दऱ्या लिहायला गेलं, म्हणाली, की दर्या येतो.
डोंगर उतरायला निघावं
आणि पायाखाली थेट खाडी.
सगळे हसले. बरोबर आहे, म्हणाले.
बरोबर आहे म्हणजे हो की नाही,
हे कुणी लिहून ठेवलं नाही.

दुसऱ्यांदा ती आराखडा घेऊन आली,
चौकटीच्या वहीत एकेक कळ काढलेली.
सादिक फकीह म्हणाला, जुन्यांची बोटं चुकतील.
अद्वैत म्हणाला, यावर पूर्वीच ठरलंय.
काय ठरलंय?
आठवत नाही, पण ठरलंय.
मी म्हणाले, पुढच्या वेळी बघू.

तिसऱ्यांदा ती आली नाही.
दिघ्याचा एक मुलगा आला,
बाईंच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देणारा,
आणि तोच प्रश्न, जणू जगात आजच सुचलेला.
अद्वैतनं तोंड उघडलं.

या शहरात सेक्टरांचे आकडे सलग नाहीत,
पंधरानंतर सोळा कुठे, ते वॉचमनला विचारावं लागतं.
पण आकडा निदान भिंतीवर असतो.
आमच्याकडे नुसताच वॉचमन.

त्या रात्री मी नोंदवही उघडली, संगणकावरच.
कुणी मांडलं. काय हवंय. कुणाचा विरोध, कशासाठी.
हो, की नाही, की अजून नाही.
शेवटचा रकाना सादिकचा:
काय दाखवलं तर तुमचं मत बदलेल?
त्यानं स्वतःपुढे लिहिलं, दहा जुनी बोटं, एक आठवडा.

मग मी पहिली नोंद सुरू केली.
मढवी यांचा प्रस्ताव आम्ही
आणि पुढे वाऱ्यावर हा शब्द येईना.
चारदा खोडला.
शेवटी कागद घेतला, पेनानं लिहिला.
केवढासा तो फराटा,
य च्या खांद्याला बिलगलेला.

सोमवारी केतकीला फोन लावला.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग म्हणाली, वही शोधावी लागेल,
आईनं बहुतेक तिच्यात
दुधाचा हिशेब सुरू केलाय.