पाचशे कण

दुकानं उघडायच्या आत
गुजरीत आई वाकलेली असायची,
हातात कुंचा, पायाशी घमेलं.
पायऱ्यांच्या कपारी, गटाराची कड,
कारागिरांनी रात्री झटकलेल्या चटया.
घरी परातीत पाणी फिरवत म्हणायची,
"ह्यो पोतदारांच्या दारचा न्हाई.
लाख लई हाय ह्यात, आन् तांबं.
माडीवर नवा कारागीर आलाय बघ."
सोनं दिसायच्या आधी
तिला माणूस दिसायचा.

मी आजऱ्याच्या वाळूखडकाची चकती
भिंगाखाली ठेवून बसते,
केसाहून पातळ घासलेली.
इंगवले सर म्हणाले, पाचशे मोज.
आवडीचा कण शोधायचा नाही,
फुलीखाली येईल तो घ्यायचा.

गारगोटी, गारगोटी, गारगोटी,
स्टँडवरच्या कंडक्टरसारखी मी.
मधेच फेल्डस्पार, चौकड्याच्या लुगड्यासारखा,
अजून ताजा:
फार चालला नसणार,
किंवा वाटेत पाऊस नसणार.
एका कणाच्या पोटात जुनी गोल कड:
हा एकदा खडक होऊन, फुटून,
परत वाटेला लागलेला.
काळ्या कातळाचा एकही नाही.
कसा असेल? तो लाव्हा यायचा होता अजून.
पन्हाळा नव्हता, जोतिबाचा डोंगर नव्हता,
पंचगंगेच्या पाचांतली एकही नव्हती.

त्रिकोणी कागदावर ठिपका पडला
गारगोटीच्या टोकाशी.
म्हणजे जवळ ज्वालामुखी नाही, उठता डोंगर नाही.
दक्षिणेला एक म्हातारी जमीन,
झिजून झिजून सपाट होत आलेली,
आणि तिच्यावरून कुठलीशी नदी,
नाव ठेवायला कुणी नसलेली.
सर म्हणाले, लगेच खरं मानू नकोस.
पाऊस फार झाला तरी फेल्डस्पार विरतो
आणि ठिपका खोटं बोलतो.

मंगळवारी जात पडताळणीच्या खिडकीशी
साहेबांनी विचारलं, मूळ गाव?
पणजोबांचा काही कागद?
आई म्हणाली, "आमी केराबरूबर आलो, सायेब."
ते हसले नाहीत.
फाईल डाव्या गठ्ठ्यावर ठेवली.

तिथून ती सरळ माझ्याकडे आली,
प्रयोगशाळेत, चप्पल दाराबाहेर काढून.
एक डोळा मिटून भिंगाला लागली.
बराच वेळ.
"सोनं न्हाई ह्यात," म्हणाली.
मग डोळा न उचलता,
"पर हे एका दारचं न्हाई, पोरी.
दोन घरचा केर हाय."

मी वहीचं नवं पान काढलं
आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.