दोन पोचपावत्या

हुसाविकच्या भूकंपमापन केंद्रात, तळघरात,
दोन डिस्क शेजारी शेजारी राहतात.
एक नवी, बिनआवाजी, काडेपेटीहून थोडी मोठी.
दुसरी फिरती, घशात खरखर असलेली;
डिसेंबरात तिच्यावर तळहात ठेवला की ऊब लागते.

जमीन हलते, आकडे येतात,
आणि दोघींवर तेच उतरतं, शून्याला शून्य, एकाला एक.
याला आरसा म्हणायची पद्धत आहे.
मला हा शब्द कधी पटला नाही.
आरसा आपल्याबरोबरच हात उचलतो.
ही आधी काटा सरकवते,
मग चकतीवरची ती जागा फिरून खाली यायची वाट बघते,
मग लिहिते.
नवी तोवर शंभरदा लिहून मोकळी,
पण तिच्या एकटीच्या ‘झालं’ला किंमत नाही.
दुसरी पोचपावती येईतो सगळं अडून,
त्यामागे रांग,
रांगेच्या शेवटी मी, गार कॉफी घेऊन.

ऑड्डुर म्हणाला, लिहिताना तुझी जोडी
म्हणजे एक जुनी डिस्क, आणि एक फुकटचा खर्च.

वाचायचं मात्र कुणाही एकीकडून चालतं.
म्हणून मी जुनीवर खूण केली:
हिला काही विचारू नका, हिला फक्त लिहू द्या.
त्या दिवसापासून आलेख
बोट उचलायच्या आत उघडू लागले.

मग हाव सुटली.
ऑड्डुरनं उधारी सुरू केली:
नवीनं लिहिलं की पुढे व्हा, जुनी मागाहून लिहील,
दोनशे छप्पन्न नोंदींपर्यंत थकबाकी चालेल.
मी सही केली. खोटं कशाला बोलू,
आठवडाभर मीही खूश होते.

फेब्रुवारीत एका पहाटे
धक्क्यांमागून धक्के आले.
उधारी काठोकाठ भरली,
आणि सगळं पुन्हा जुनीच्या चालीनं चालू लागलं.
तेवढ्यात गावाची वीज गेली.
बॅटरीनं, जी मी बदलणार होते, मान टाकली.
वीज आली तेव्हा नवी बोलेना.
ना खरखर, ना कुरकुर,
मरतानाही बिनआवाजी.

जुनी उठली, खाकरली,
तिच्या वहीतून चार सेकंद गायब होते.
तीन वाजून बारा मिनिटांनंतरचे चार.

सकाळी बंदरावरच्या स्वानहिल्दुरबाईंचा फोन आला.
घड्याळ बघितलंत का, मी विचारलं.
घड्याळच पडलं, त्या म्हणाल्या,
तीन बारावर थांबलंय. आणि एक बशी.
मी ते कागदावर लिहून घेतलं,
कुठल्या रकान्यात घालायचं ते ठरेना.

कोरी डिस्क आणून बसवली.
आणि जिला काही विचारू नका म्हणून खूण होती
तिलाच आता सगळं विचारायचं होतं.
अकरा तास ती सांगत राहिली,
सहा वर्षांची थरथर, पहिल्यापासून,
तिच्याच चालीनं;
नवी कितीही चपळ असो, ऐकण्यापलीकडे तिला काम नव्हतं.
चार सेकंदांची जागा आली
तीही तिनं जशीच्या तशी सांगितली, रिकामी.

उधारी मी बंद केली. ऑड्डुर दोन दिवस बोलला नाही.
वाचायची खूण ठेवली आहे, तेवढा वेग पुरे.
बॅटरीही बदलली.

आता लिहिताना थांबावं लागतं.
मी खाली जाऊन उभी राहते कधीकधी.
खर्र. थोडं थांबून, खर्र.
बशीचा कागद अजून खणात आहे.