खिशाला कळू नये असा

मंगळवार बाजारात लसणाचे ढीग संपतात तिथं
अन्वर शिकलगारांचं दुकान.
दुकान म्हणजे धारेचं एक चाक, एक स्टूल,
आणि काचेखाली मिटून पडलेले चाकू.
"मालकांसाठी का?" ते विचारतात.
नाही. मला. रोज लागतो.

चौदा वर्षं टॉवेल तपासते मी,
अक्कलकोट रोडला, शेवटून दुसऱ्या टेबलावर.
सुटलेला दोरा, काठाबाहेर आलेली शेपटी,
एखादी गाठ, बोटालाच दिसणारी.
कारखान्याची कात्री टेबलाला सुतळीनं बांधलेली.
सुतळी पोचते तिथवर कात्री,
पुढं दात.
पुढच्या एका दाताला बारीक खाच पडलीय.
डॉक्टर म्हणाले, शिवणकाम करता?
म्हटलं, उलटं.

यंदा बोल्ली टेलरनं पहिल्यांदा कुर्त्याला खिसा लावून दिला.
"चारच बोटं खोल आहे, बाई. कापड उरलं नाही."
तर चार बोटांत मावेल असा द्या.

पहिला पितळी मुठीचा.
तो घातला तर कुर्ता एका बाजूनं गुडघ्याला.
दुसऱ्यात अकरा पाती, करवत, बूच काढायचं, चमचासुद्धा.
"सगळा संसार आहे यात."
संसार घरी आहे की.
तिसरा बटण दाबताच खट्‌कन उघडला,
लसूणवालीनं तोलता तोलता मान वर केली.
नको. माझं काम आवाजाचं नाही.
चौथ्यावर वाघ होता.
त्याच्याकडे आम्ही दोघांनीही फार वेळ बघितलं नाही.

मग ते वाकले. खालच्या बिस्किटाच्या डब्यातून
कागदात गुंडाळलेलं काहीतरी वर आलं.
शिसवी मूठ, भेंडीएवढी रुंद,
जाडी दहाची दोन नाणी एकावर एक ठेवावीत तेवढी.
मिटलेला असताना वाटावं, कंगव्याचा तुकडा.

हातात देत नाहीत. काचेवर ठेवतात.
"धार हातातनं हातात देऊ नये, आक्का. भांडण होतंय."
मी काचेवरून उचलते.
नखानं उघडते. जरा अडतो.
"अडू दे की. आपणहून उघडणारा खिशात कशाला पाहिजे?"

पदरच्या गाठीतून सूत काढलं, मुद्दाम आणलेलं,
वीस नंबरचं, दुहेरी पिळाचं.
एक टोक दातात, एक बोटाला.
पातं नुसतं टेकवलं.
सूत तुटल्याचं सुताला उशिरा कळलं.

तीनशे ऐंशी सांगितले, साडेतीनशेला दिला.
"दोन वर्षं धार फुकट. कधी पण या."
दोन वर्षं.
बाजूच्या शेडमधले माग गेल्या दिवाळीत
किलोच्या भावानं भंगारात गेले.
ते मी काही बोलले नाही.
"येते," म्हटलं.

सिव्हिलपर्यंत रिक्षात तीनदा हात खिशात गेला.
पडला की काय?
आहे.
पुन्हा वाटलं, पडला.
आहे.
खिशाला त्याचा पत्ताच नाही,
शोधतात ती फक्त बोटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर
सुतळीकडे एकदा बघितलं. एका झटक्याचं काम.
राहू दे. नागमणीला कात्रीच लागते,
आणि तिला कात्री घरी न्यायची सवय आहे.

दुपारी तिनंच सांगोल्याचं डाळिंब काढलं.
"बघू तुझा तो."
चाकू मी टेबलावर ठेवला. तिनं टेबलावरून उचलला.
सालीला चार चिरा, वरच्या वर,
एक दाणाही फुटला नाही.
कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि मध्ये ते लाल.
खाताना कुणी काही बोललं नाही,
एवढंच नागमणी म्हणाली, "बारीक आहे गं."

पात्यावर थोडं ओलं राहिलं होतं.
ते माझ्या कुर्त्याला पुसलं.
टॉवेलाला नाही. टॉवेल एक्स्पोर्टचा.